ग्रानविकमधला एकुलता बिनगव्हाचा पिझ्झा

शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता ग्रानविक गावातील एकशे बारा घरांचे ओव्हन जवळजवळ एकाच वेळी तापू लागतात, हे मी गेली चौतीस वर्षे पाहत आलो आहे. त्या वेळी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठाने चालत गेल्यास पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकच वास सोबत करतो. वितळणाऱ्या चीजचा आणि किंचित करपलेल्या कडेचा. रविवारी चर्चची घंटा वाजते तेव्हा तिला वीसेक माणसे ओ देतात. शुक्रवारच्या या वासाला मात्र सारे गाव ओ देते. दुकानातून लाल खोका आणावा, त्यातील दगडासारखी गोठलेली वाटोळी वस्तू ओव्हनमध्ये ठेवावी, आणि ती सोनेरी होईपर्यंत काचेतून तिच्याकडे पाहत बसावे. आठवडाभराचा शीण या पाहण्यातच उतरतो. खाणे हा त्यानंतरचा उपचार होय.

तोर्लाइफ हा या व्रताचा गावातील सर्वांत निष्ठावंत उपासक. वय एकाहत्तर. त्याचे सारे आयुष्य फेरीबोटीच्या इंजिनघरात गेले, त्यामुळे मोठ्याने बोलण्याची सवय त्याला होती, परंतु बोलण्याची नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्याची पत्नी आल्फहिल्ड निवर्तली, तेव्हा पाककलेतील त्याचे समग्र ज्ञान या एका पदार्थात सामावलेले होते. मात्र त्या एका पदार्थात तो अधिकारी पुरुष होता. खोक्यावर छापलेल्या सूचना त्याला नवशिक्यांसाठी लिहिलेल्या वाटत. तो पिझ्झ्यावर मूठभर पिवळे चीज अधिक किसून घाली, त्यावर बारीक चिरलेली कांद्याची पात भुरभुरवी, आणि मग पत्रा न वापरता तो तसाच ओव्हनच्या जाळीवर ठेवी. या अखेरच्या मुद्द्यावर दुकानातील कॉफीयंत्राजवळच्या बाकावर वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे.

"पत्र्यावर ठेवतोस तू?" तोर्लाइफने एकदा सिवेर्टला विचारले. सिवेर्ट हा निवृत्त टपालवाला. त्या बाकाचा कायमचा रहिवासी.

"मग कुठं ठेवू? डोक्यावर?"

"जाळीवर. नुसत्या जाळीवर. पत्र्यावर ठेवलास की खालून घाम येतो त्याला."

"आणि चीज खाली गळतं, त्याचं काय?"

"गळू दे. इंजिनही गळतं."

सिवेर्टने कॉफीचा घोट घेतला. ओव्हनच्या तळाशी सहा वर्षांचे चीज काळे होऊन साचत गेले आणि तोर्लाइफचे शुक्रवार निर्विघ्न पार पडत राहिले.

या सार्वत्रिक व्रतात एका व्यक्तीचे ताट मात्र वेगळे होते. गुन्वोर, वय एकोणसत्तर, पूर्वी शाळेत गणित शिकवीत असे आणि आता गावाच्या गायनवृंदाची प्रमुख आहे. बावीस वर्षांपूर्वी तिला सीलिअक असल्याचे निदान झाले. गहू, बार्ली किंवा राय यांचा एक कणही पोटात गेला, तर तिला तीन दिवस अंथरूण धरावे लागे. जुन्या वळणाचे कडक सोवळे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिच्या स्वयंपाकघराची कल्पना सहज येईल. भांडी निराळी, फडकी निराळी, सुरी निराळी. भेद एवढाच की येथे दोष लागतो तो थेट आतड्याला, आणि तो कोणत्याही शांतीने निवारता येत नाही.

दुकानदारीण ओद्रुन तिच्यासाठी दर बुधवारी येणाऱ्या मालाच्या ट्रकमधून एक ग्लुटेनमुक्त पिझ्झा मागवीत असे. दोन नव्हे, एकच. मोठ्या फ्रीजरच्या डाव्या कोपऱ्यात, मासळीच्या वड्यांच्या पलीकडे, तो हिरवा खोका दोन दिवस वाट पाहत पडे. शुक्रवारी चार वाजता गुन्वोर येई आणि त्याला घरी नेई. गावातील कोणीही त्याला कधी हात लावला नाही. त्यावर तिचे नाव लिहिलेले नव्हते, आणि तशी आवश्यकताही कोणाला वाटली नव्हती.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी तोर्लाइफ आपला लाल खोका काखेत घेऊन रांगेत उभा होता. त्याच्या पुढे गुन्वोर होती.

"ओद्रुन, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "ईस्टरनंतर माझा पिझ्झा मागवू नकोस."

"का गं? चव बिघडली का?"

"चव कधी नव्हतीच. मी बर्गनला चाललेय, मुलीकडे. घर उन्हाळ्यात विकायला काढेन."

"एकदम?"

"एकदम कसलं, बावीस वर्षं झाली. तिथं कोपऱ्यावरच्या दुकानात सात प्रकारचे मिळतात. आणि तिथं मला जेवायला बोलवायला कोणी घाबरत नाही."

हे ती हसत म्हणाली. परंतु त्यातील तथ्य आम्हा सर्वांना ठाऊक होते. निदान झाले त्या वर्षी लोकांनी तिला उत्साहाने बोलावले होते. एका लग्नात सॉसमध्ये मैदा निघाला, एका नामकरणात केकची सुरी चुकली, आणि त्यानंतर यजमानांचे धैर्य हळूहळू खचले. कोणी तिच्याशी वाईट वागले नाही. फक्त आमंत्रणे यायची थांबली. आली तरी ती आपला डबा घेऊन जाई आणि कोपऱ्यात बसून त्यातले खाई.

तोर्लाइफने आपल्या खोक्याचे पैसे दिले आणि तो घरी गेला. त्या सायंकाळी त्याचा पिझ्झा करपला. त्याच्या बाबतीत असे पूर्वी एकदाच घडले होते, आल्फहिल्डच्या अंत्यविधीनंतरच्या शुक्रवारी.

येथे सांगणे इष्ट आहे की तोर्लाइफ गायनवृंदात खर्जातील गायक होता. दर गुरुवारी दीड तास तो गुन्वोरच्या हाताकडे पाहत गात असे आणि उरलेला आठवडा तो हात त्याच्या डोळ्यांपुढे राहत असे. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती; स्वतःलाही बहुधा नसावी. ईस्टरला आता चार शुक्रवार उरले होते.

सोमवारी त्याने ऑस्लोला मुलीला फोन लावला. मारेन परिचारिका आहे.

"मारेन, एखाद्याला सीलिअक असेल आणि आपण त्याला पिझ्झा करून द्यायचा असेल, तर काय काय बघावं लागतं?"

"कुणासाठी, बाबा?"

"समज, कुणासाठी तरी."

"बाबा, आपल्या गावात सीलिअक एकाच बाईला आहे."

"तिकडे हवा कशी आहे?"

"बाबा!"

"इकडे बर्फ पडतोय."

मारेनने मग सारे क्रमवार सांगितले. ओव्हन स्वच्छ हवा, जाळीवर जुना एक कणही नको. खाली नवा बेकिंग पेपर घालायचा. किसणी नवी हवी, सुरी नवी हवी. फ्रीजरमध्ये तो खोका इतरांच्या वर ठेवायचा, खाली नव्हे, कारण वरचे खाली पडते. ओव्हनमध्येही तसेच. "आणि बाबा, सगळ्यात आधी तिला विचारा."

"ते करतो," तोर्लाइफ म्हणाला, आणि कागदावर त्याने बाकी सारे लिहून घेतले.

मंगळवारी तो ओव्हनपुढे गुडघे टेकून बसला. एखाद्या प्राचीन शिलालेखावरील थर उकलावेत तसे त्याने चीजचे थर उकलले. इंजिनासाठी वापरायचा तारेचा ब्रश मोडला. बुधवारी दुसरा आणला. सायंकाळपर्यंत ओव्हनच्या तळाचा मूळ रंग प्रकट झाला. तो निळा होता आणि त्याची तोर्लाइफला काहीही आठवण नव्हती.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तो दुकानात आला. सिवेर्ट आणि मी बाकावर होतो. तोर्लाइफने टोपलीत वृत्तपत्र घेतले, बर्फ वितळावा म्हणून वाटेवर टाकायच्या मिठाची पिशवी घेतली, नवी किसणी घेतली, आणि मग फ्रीजरच्या डाव्या कोपऱ्याकडे जाऊन बराच वेळ मासळीच्या वड्यांचे वाचन केले. परत आला तेव्हा वृत्तपत्राखालून हिरवा कोपरा डोकावत होता.

आमच्या गावात दुसऱ्याच्या टोपलीत पाहत नाहीत. ही आमची सभ्यता आहे आणि ती आम्ही कसोशीने पाळतो. म्हणून आम्ही तिघांनीही पाहिले नाही, आणि तिघांनाही दिसले.

"हा बिनगव्हाचा आहे, तोर्लाइफ," ओद्रुन हळूच म्हणाली.

"दिसतंय."

"तुझा लाल तिकडे आहे, उजवीकडे."

"माहितेय."

"बरं." तिने खोका यंत्रासमोर धरला. यंत्र वाजले. "सगळं ठीक ना?"

"ठीक."

दार बंद झाल्यावर सिवेर्टने कॉफीचा पेला खाली ठेवला. "झालं," तो म्हणाला. "बिचाऱ्यालाही लागलं."

"काय लागलं?" मी विचारले.

"आतडं. दुसरं काय? माणूस एकाहत्तराव्या वर्षी तो पुठ्ठा हौसेनं विकत घेतो का? डॉक्टरनं सांगितलं असणार."

"तो काही बोलला नाही," ओद्रुन म्हणाली.

"तो कधी बोललाय? आल्फहिल्ड गेली तेव्हा मला आठ दिवसांनी कळलं, तेही टपालातून. आणि बारीक झालाय, बघितलंस ना? मागच्या महिन्यात वॅफल खायला नको म्हणाला."

"चार खाल्ली होती त्यानं."

"पाचवं नको म्हणाला!"

या तर्कातील दुवे तपासून पाहणे माझे काम होते. एक तर मी त्या बाकावरचा ज्येष्ठ, आणि दुसरे म्हणजे मला घाई नव्हती. परंतु मीही मान हलवली, हे येथे कबूल केले पाहिजे. आम्हाला कोणालाही, अगदी क्षणभरही, असे वाटले नाही की एखादा मनुष्य तो खोका दुसऱ्या कोणासाठी नेत असेल. बावीस वर्षांत तसे कोणी केलेच नव्हते. आणि थेट तोर्लाइफला विचारावे, तर आजाराबद्दल विचारणे आमच्यात टोपलीत पाहण्याहूनही वाईट. त्यामुळे दुपारपर्यंत ही वार्ता गावात पोहोचली आणि कोणीही ती त्याच्यापर्यंत पोहोचू दिली नाही.

गुरुवारी सायंकाळी गायनवृंदाचा सराव होता. तोर्लाइफने वाक्य पाठ केले होते. उद्या माझ्याकडे पिझ्झा खायला येशील का? सहा शब्द. इंजिनघरातील सर्व झडपांची नावे त्याला मुखोद्गत होती. सहा शब्द फार नव्हते. सराव संपल्यावर तो तिच्याजवळ गेला. ती वह्या गोळा करीत होती.

"बर्फ येणार म्हणतात," तो म्हणाला.

"हो, म्हणतात खरं," ती म्हणाली.

"मीठ आणलंय मी."

"चांगलं केलंस."

त्याने टोपी घातली आणि तो घरी गेला. खोका फ्रीजरच्या सर्वांत वरच्या खणात, पांढऱ्या स्वच्छ टॉवेलवर एकटाच विराजमान होता. खालच्या खणातले सहा लाल खोके त्याला स्पर्शही करू शकत नव्हते.

शुक्रवारी चार वाजता गुन्वोर दुकानात आली आणि फ्रीजरच्या डाव्या कोपऱ्यापाशी वाकली. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली. मग तिने मासळीच्या वड्या एकेक करून बाहेर काढल्या.

"ओद्रुन! माझा पिझ्झा कुठाय?"

ओद्रुनने नजर खाली वळवली. कोणी काय नेले हे दुकानदाराने सांगायचे नसते. "गेला," ती म्हणाली.

"गेला म्हणजे? पायांनी चालत गेला?"

"विकला गेला."

"कुणाला? बावीस वर्षांत त्याला कुत्र्यानंही हुंगलं नाही! माझे चार शुक्रवार राहिलेत या गावात, त्यातला एक कोणी पळवला, मला कळू दे तरी!"

गुन्वोरचा आवाज मोठा झाला की अर्ध्या गावाला शाळेतील वर्ग आठवतो. सिवेर्ट आपोआप सरळ बसला आणि त्याने हातही वर केला असावा.

"तोर्लाइफनं नेला," तो म्हणाला. "रागावू नकोस त्याच्यावर. त्यालाही झालंय."

गुन्वोरच्या मुखावरील क्रोध मावळला आणि त्या जागी जे आले, त्याला दुःख म्हणता येणार नाही. बावीस वर्षे एका बेटावर एकाकी राहिलेल्या मनुष्याला क्षितिजावर दुसरे जहाज दिसावे, तसे ते होते.

"तोर्लाइफला? आणि कोणी सांगितलं नाही मला? त्याला काय कळतंय त्यातलं! टोस्टर कुठला वापरतोय तो? ओद्रुन, एक मोठी पिशवी दे."

पुढचे मला दोघांकडूनही कळले. निरनिराळ्या वेळी, आणि तपशिलांच्या बाबतीत निरनिराळे.

तोर्लाइफ त्या वेळी तापलेल्या ओव्हनसमोर उभा होता आणि टेलिफोनकडे पाहत होता. पावणेपाच होईपर्यंत फोन करायचा, असा त्याने निश्चय केला होता. चार वाजून बत्तीस मिनिटे झाली असता दारावरची घंटा वाजली. दारात गुन्वोर होती, टोपीवर बर्फ आणि हातात रिकामी पिशवी.

"मला सगळं कळलंय," ती म्हणाली आणि बूट काढू लागली. "सिवेर्ट म्हणाला. लाजायचं काही कारण नाही. आतडं कुणाचंही बिघडतं."

"आतडं?"

"सीलिअक रे. तुला झालंय ते."

या क्षणी सत्य सांगणे शक्य होते, उचितही होते. परंतु तोर्लाइफच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे ती आत आली होती. दुसरी म्हणजे सत्य फार लांब होते आणि मान हलवणे फार छोटे. त्याने मान हलवली.

"कधीपासून त्रास होतोय?"

"झाले काही दिवस."

"वजन उतरलं?"

"थोडं."

"थकवा?"

"गुरुवारी जास्त."

"होतं तसं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात शिरली.

त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत तोर्लाइफच्या घराची जी शुद्धी झाली, तशी तेथे आल्फहिल्ड असतानाही कधी झाली नव्हती. गुन्वोरने टोस्टर उचलून तो उलटा केला, त्यातून पडलेला चुरा त्याला दाखवला आणि टोस्टर पडवीत नेऊन ठेवला. लोण्याच्या डब्यात पावाचे कण होते, डबा गेला. लाकडी पाट गेला. "लाकूड सगळं पितं," ती म्हणाली. "वरून धुतलंस तरी आत गहू असतोच." तोर्लाइफ प्रत्येक वस्तू जाताना पाहत होता. टोस्टरच्या मोबदल्यात हा सहवास त्याला स्वस्त वाटत होता. बिस्किटे गेली. सॉसची बाटली गेली. तो दार उघडून धरण्याचे काम करू लागला.

मग तिने सर्वांत खालचा खण उघडला आणि त्यातून खाचांचे एक लांब लाटणे बाहेर काढले. नाताळातली लेफ्से नावाची पातळ पोळी लाटायचे लाटणे. त्याच्या खाचांत अजून पीठ होते. सहा वर्षांपूर्वीचे, पांढरे, घट्ट बसलेले.

"हे तर अगदीच," ती म्हणाली आणि पडवीकडे निघाली.

"ते ठेव," तोर्लाइफ म्हणाला.

"अरे, हे नाही ठेवता येणार. खाचा बघ. यातलं पीठ जन्मात निघायचं नाही."

"निघायला नकोच आहे. आल्फहिल्डचं आहे ते."

गुन्वोर थांबली. लाटणे तिने दोन्ही हातांनी धरले होते. "तोर्लाइफ," ती हळू आवाजात म्हणाली, "मला कळतंय. पण तुला त्रास होईल रे."

"नाही होणार. मला काही झालेलं नाही."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. मीही मानायला तयार नव्हते."

"गुन्वोर, मला खरंच काही झालेलं नाही. काल सकाळी मी चार पाव खाल्ले. राय, गहू, सगळं. परवाही."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरला. गुन्वोरने लाटणे परत खणात ठेवले, अत्यंत जपून, आणि खण बंद केला. मग ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत गणिताची शिक्षिका होती.

"मग माझा पिझ्झा का नेलास?"

तो फ्रीजरजवळ गेला आणि त्याने वरचा खण ओढला. हिरवा खोका पांढऱ्या टॉवेलवर होता, न उघडलेला. गुन्वोरने पाहिले. टॉवेलची घडी पाहिली. खाली वाकून दुसरा खण उघडला. तेथे लाल खोके होते. तिने पुन्हा वरचा खण पाहिला.

"वर ठेवलास."

"वरचं खाली पडतं. मारेन म्हणाली."

मग तिची दृष्टी ओव्हनकडे गेली. आतला दिवा लागलेला होता आणि निळा तळ चकाकत होता. ती काचेजवळ जाऊन वाकली.

"हा कधी घासलास?"

"मंगळवारी. आणि बुधवारी."

"त्याआधी कधी?"

तोर्लाइफने प्रामाणिकपणे विचार केला. "दुकानात असताना स्वच्छ होता," तो म्हणाला.

गुन्वोर खुर्चीत बसली. बावीस वर्षांत लोकांनी तिला पुष्कळ दिले होते. सहानुभूती, पाककृतींची कात्रणे, क्षमायाचना. तिच्यासाठी ओव्हन कोणी घासला नव्हता.

"आणि मला विचारणार कधी होतास?"

"शुक्रवारी."

"आज शुक्रवारच आहे."

"हो," तोर्लाइफ म्हणाला. "म्हणूनच तापवून ठेवलाय."

"असं नाही. नीट विचार. इथपर्यंत बर्फातून आलेय मी."

तोर्लाइफने पाठ केलेले वाक्य आठवले. त्यातील 'उद्या' आता काढून टाकावे लागले आणि त्यामुळे तो क्षणभर गोंधळला. "माझ्याकडे पिझ्झा खायला येशील का?" तो म्हणाला, इंजिनघरातील आवाजात. शेजारच्या घरातील कुत्रा भुंकला.

"आलेच आहे," गुन्वोर म्हणाली. "पेपर कुठाय?"

तिचा आधी भाजला गेला, मधल्या जाळीवर, नव्या कागदावर. तोर्लाइफने नव्या किसणीने चीज किसले. किसणीला किमतीची चिठ्ठी तशीच होती. तो काचेसमोर उभा राहिला आणि ती शेजारी येऊन उभी राहिली, आणि दोघांनीही ती वाटोळी वस्तू सोनेरी होताना पाहिली. मग त्याचा गेला. त्याने सवयीने जाळीकडे हात नेला आणि तिने नुसते पाहिले. त्याने पत्रा घेतला. सहा वर्षांची, नव्हे, आयुष्यभराची भूमिका त्याने एका दृष्टिक्षेपात सोडली, आणि हे सिवेर्टला कधीही कळता कामा नये, असे त्याने मला बजावून ठेवले आहे.

जेवताना तिने आपल्या पिझ्झ्याचा एक तुकडा त्याच्या ताटात ठेवला. "चाखून बघ."

त्याने चावला. पुन्हा चावला. गिळण्यापूर्वी पाण्याचा घोट घेतला.

"कसा आहे?"

बावीस वर्षे या प्रश्नाला लोक एकच उत्तर देत आले होते: अगं, फरक कळतसुद्धा नाही. ते ऐकण्याची तयारी तिने चेहऱ्यावर करूनही ठेवली होती.

"पुठ्ठा," तोर्लाइफ म्हणाला. मग न्यायबुद्धीने पुढे म्हणाला, "वरचं चीज चांगलंय."

गुन्वोर हसू लागली. प्रथम नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात काढून. ती इतकी हसली की तिला चष्मा उतरवावा लागला. तोर्लाइफला आपण काय विनोद केला हे समजले नाही, परंतु तो आपणच केला आहे, या समाधानात त्याने आपल्या लाल पिझ्झ्याचा दुसरा तुकडा घेतला.

शनिवारी सकाळी तोर्लाइफने दार उघडले तेव्हा पडवीत टोस्टरशेजारी सहा ग्लुटेनमुक्त पाव ठेवलेले होते. चिठ्ठी नाही, नाव नाही. बर्फात पावलांचे ठसे मात्र पाच वेगवेगळ्या मापांचे. गावाने विचारले नव्हते. गावाने पाव आणून ठेवले होते. रविवारी त्यात आणखी पाचांची भर पडली, आणि एक मक्याच्या पिठाचा केकही आला. शेजारच्या शहरातील दुकानात म्हणे त्या दिवशी बिनगव्हाचे काही शिल्लक राहिले नाही. तोर्लाइफने ते सारे आत आणले. परत द्यावे तर कोणाला द्यावे, आणि सत्य सांगावे तर पुन्हा ते लांबच होते.

सोमवारी गुन्वोर दुकानात आली. आम्ही बाकावर होतो. तिने दूध घेतले, यीस्ट घेतले आणि ओद्रुनसमोर उभी राहिली.

"ते ईस्टरनंतर पिझ्झा मागवू नकोस म्हणाले होते ना, ते राहू दे. मागवत जा."

ओद्रुनने पेन उचलले. आम्ही कॉफीच्या पेल्यात पाहू लागलो.

"दोन मागवू का आता?" ओद्रुन शक्य तितक्या सहज स्वरात म्हणाली.

"एकच. त्याला आवडत नाही. त्याला लालच लागतो."

सिवेर्टच्या घशात कॉफी अडकली. "म्हणजे, त्याचं आतडं..."

"तुझ्यापेक्षा धड आहे," गुन्वोर म्हणाली.

"आणि बर्गन?" ओद्रुनला राहवले नाही. "मुलगी वाट बघत असेल ना?"

गुन्वोरने दूध पिशवीत ठेवले, यीस्ट ठेवले, आणि हातमोजे एकेक बोट नीट बसवीत चढवले.

"तोर्लाइफच्या घरी अकरा पाव पडलेत," ती म्हणाली. "तुम्हीच नेऊन ठेवलेत सगळ्यांनी. तो खाणार नाही, आणि टाकून तर देता येत नाहीत. एवढे संपवायला माणूस इथं राहायला नको का?"

आणि ती निघून गेली. मग ओद्रुन उठली, फ्रीजरपाशी गेली, आणि मासळीच्या वड्या उजवीकडे सरकवून तिने डावा कोपरा थोडा मोठा केला.